अक्षरांनी पळवलेली शर्यत

परभणीत जिंतूर रोडला नाहीतर वसमत रोडला थोडा वेळ उभं राहावं आणि दुचाकींच्या नंबरप्लेट वाचाव्यात. ‘एमएच २२’ पर्यंत सगळं सरळ असतं. पुढचा आकडा मात्र कधीकधी आकडा राहिलेला नसतो. ४१४१ चा ‘दादा’ झालेला असतो, २१४ चा ‘राम’, ४९१२ चा ‘पवार’. इंग्रजी चाराला जरा बाक दिला की कधी ‘द’, कधी ‘म’, कधी ‘प’ होतो, एकाचा काना होतो आणि दोनाचा ‘र’. आरटीओच्या नियमांत हे बसत नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सरकारी पद्धतीच्या एचएसआरपी पाट्या बसूनच येतात, आता जुन्या गाड्यांनाही त्या सक्तीच्या झाल्या आहेत. त्यामुळे ही कला ओसरत चालली आहे आणि रस्त्याच्या शिस्तीसाठी ते योग्यच आहे. तरी तिच्यामागची हौस समजून घेण्यासारखी आहे. गाडीला वेग कंपनी देते, ओळख मात्र मालकाला द्यावी लागते. ती दिली जाते अक्षरांनी, पट्ट्यांनी, रंगांनी आणि रेडियमच्या दुकानातल्या स्टिकरांनी.

याच हौसेला एका व्हिडिओ गेमने १९९५ साली उद्योगाचं रूप दिलं. गेमचं नाव ‘वाइपआउट’. त्यात चाकांच्या गाड्या नव्हत्या, जमिनीपासून अधांतरी पळणारी यानं होती आणि काळ होता २०५२ सालचा. भविष्यातल्या शर्यतींचे गेम त्याआधीही आले होते. पण या गेमचा चेहरा ठरवण्याचं मोठं काम एका ग्राफिक डिझाइनच्या कचेरीने केलं आणि पुढची कित्येक वर्षं ‘भविष्य’ म्हटलं की कोणती अक्षरं डोळ्यांपुढे येतात, हेही त्याच कचेरीने बरंचसं ठरवून टाकलं.

लिव्हरपूलची यानं, शेफिल्डची अक्षरं

‘वाइपआउट’ बनवला लिव्हरपूलच्या सिग्नोसिस या कंपनीने. १९८४ साली सुरू झालेली ही कंपनी गेमइतकीच त्यांच्या देखण्या खोक्यांसाठी ओळखली जायची. तिचं घुबडाचं बोधचिन्ह रॉजर डीन या नामांकित चित्रकाराने काढलेलं होतं. १९९३ मध्ये सोनीने ही कंपनी विकत घेतली, कारण सोनीला स्वतःचं पहिलं गेमयंत्र बाजारात आणायचं होतं. ते यंत्र म्हणजे प्लेस्टेशन. २९ सप्टेंबर १९९५ रोजी ते युरोपात विक्रीला आलं आणि त्याच्यासोबतच ‘वाइपआउट’ही आला.

तोवर व्हिडिओ गेम म्हणजे शाळकरी मुलांचा खेळ, असाच बहुतेकांचा समज होता. सोनीला गिऱ्हाईक हवं होतं ते विशी-पंचविशीतलं, नोकरीला लागलेलं, शनिवारी रात्री क्लबात नाचायला जाणारं. इंग्लंडमध्ये त्या काळी टेक्नो संगीताची लाट होती. त्यामुळे ‘वाइपआउट’मध्ये लेफ्टफील्ड, ऑर्बिटल, केमिकल ब्रदर्स यांच्या चाली घेतल्या गेल्या आणि बाकीचं संगीत टिम राइट या संगीतकाराने ‘कोल्ड स्टोरेज’ या नावाने दिलं. राहिला प्रश्न दिसण्याचा. संगीत क्लबातलं असेल तर चित्रही त्याच घरातून आणलेलं बरं, या विचाराने सिग्नोसिसने शेफिल्ड गाठलं.

शेफिल्ड हे पोलादाचं शहर. तिथे १९८६ साली इयन अँडरसन आणि निक फिलिप्स यांनी ‘द डिझायनर्स रिपब्लिक’ ही कचेरी थाटली होती. अँडरसन यांनी चित्रकला महाविद्यालयात शिक्षण घेतलेलं नव्हतं, त्यांचा विद्यापीठातला विषय तत्त्वज्ञान होता. ‘पॉप विल ईट इटसेल्फ’ या बँडची आणि शेफिल्डच्याच ‘वॉर्प’ या रेकॉर्ड कंपनीची कव्हरं करून या कचेरीने नाव कमावलं होतं. दुकानात शेकडो रेकॉर्ड मांडलेल्या असताना लांबून नजर खेचून घ्यायची, हे कव्हरवाल्याचं रोजचं काम. ते काम या मंडळींनी वेगळ्याच साहित्यातून केलं. औद्योगिक कंपन्यांची बोधचिन्हं, धोक्याच्या पाट्यांवरचे पट्टे, जपानी अक्षरं, बारकोड, खोक्यांवरच्या सूचना, असं एरवी कुणी ‘कला’ म्हणून बघणार नाही ते सगळं त्यांनी उचललं. मोठ्या कंपन्यांच्या भाषेची टिंगल त्याच भाषेत करायची, हा त्यांचा बाणा होता.

या मंडळींनी ‘वाइपआउट’चं नाव कसं लिहायचं ते ठरवलं, खोकं आणि माहितीपुस्तिका केली, यानांच्या संघांची बोधचिन्हं आणि गेममधली अक्षरं घडवली. १९९६ चा ‘वाइपआउट २०९७’ आणि १९९९ चा तिसरा भाग, यांवरही त्यांचाच हात फिरला.

एक एमबीतलं जग

डिझाइनरला एवढं महत्त्व का मिळालं, याचं निम्मं उत्तर प्लेस्टेशनच्या पोटात सापडतं. त्यात चित्रांसाठी वेगळी ठेवलेली स्मृती होती फक्त १ एमबी. आज खिशातल्या फोनने काढलेला एक फोटोही बहुधा तेवढ्यात मावत नाही. पडद्यावरचं चित्र साधारण ३२० गुणिले २४० ठिपक्यांचं असायचं, म्हणजे एकूण ७६,८००. आजच्या १०८० गुणिले २४०० ठिपक्यांच्या फोनवर याच्या जवळपास चौतीसपट ठिपके असतात.

त्या १ एमबीतही आधी पडद्याचीच सोय लावावी लागे. एक चित्र दिसत असताना पुढचं तयार होत असतं, म्हणून दोन चित्रांची जागा राखून ठेवायची. एका ठिपक्याला २ बाइट धरले तर त्यात सुमारे ३०० केबी गेले. उरलेल्या ७०० केबींच्या आसपास जागेत आकाश, डोंगर, बोगदे, यानं, ट्रॅक आणि पाट्या या सगळ्यांचे पोत बसवायचे. पोत म्हणजे त्रिमितीय आकृतीवर चिकटवायचं सपाट चित्र.

आता कामाची खरी अडचण बघा. खडकाचा किंवा गवताचा खराखुरा फोटो पोत म्हणून वापरायचा तर त्याला रंगांच्या असंख्य छटा लागतात. एवढ्याशा जागेत तो कोंबला की गढूळ दिसतो. उलट सपाट बोधचिन्हाला चार-पाच रंग पुष्कळ होतात. १६ रंगांच्या मर्यादेत ६४ गुणिले ६४ ठिपक्यांचा एक पोत अवघ्या २ केबीत बसतो. बाण, पट्टा, मोठा आकडा, ठसठशीत अक्षर यांना छटांची गरजच नसते. कमी ठिपक्यांतही त्यांच्या कडा धारदार राहतात.

म्हणजे यंत्राला जे जमत नव्हतं ते टाळून जे उत्तम जमत होतं त्यावर सगळा भार टाकला गेला. निसर्ग हुबेहूब उभा करणं प्लेस्टेशनला परवडत नव्हतं, पण माणसाने रंगवलेली, पाट्या लावलेली दुनिया त्याला सहज परवडत होती. भविष्यातला ट्रॅक ही तशीच दुनिया. तिथे झाडाचं पान दिसलं नाही म्हणून कुणाचं अडत नाही, पण वळणाच्या आधी बाण दिसला नाही तर यान भिंतीवर आपटतं. त्या यंत्रावरचे अनेक ‘खऱ्यासारखे’ गेम आज केविलवाणे दिसतात आणि ‘वाइपआउट’ अजून बघवतो, त्याचं मोठं कारण हेच आहे. वास्तवाची नक्कल तंत्र पुढे गेलं की जुनी होते. नेटकी सपाट रचना सहसा होत नाही.

नसलेल्या कंपन्यांच्या पाट्या

पहिल्या ‘वाइपआउट’मध्ये चार संघ होते. युरोपचा ‘फायसार’, जपानचा ‘एजी सिस्टिम्स’, उत्तर अमेरिकेचा ‘ऑरिकॉम’ आणि रशियाचा ‘किरेक्स’. प्रत्येकाला स्वतःचं बोधचिन्ह, अक्षरांचं वळण आणि रंग होते. फायसार हे तर सरकारी थाटाच्या लांबलचक नावाचं लघुरूप होतं, आपल्याकडच्या महामंडळांना असतं तसं. हे संघ नुसते रंगाने वेगळे नव्हते, त्यांच्या स्वभावातही फरक होता. फायसारचं यान वळणावर आज्ञाधारक, पण त्याचा कमाल वेग बेताचा. किरेक्सचं जड, सरळ रस्त्यावर सुसाट आणि वळवायला अवघड. काही शर्यतींनंतर खेळणाऱ्याच्या मनात रंग, चिन्ह आणि स्वभाव यांची गाठ बसायची. कुणी फायसारवाला व्हायचा, कुणी किरेक्सवाला.

मोटारशर्यतींत हे आधीपासून होतंच. सिगारेटच्या पाकिटासारखी काळी-सोनेरी ‘जॉन प्लेअर स्पेशल’ची लोटस गाडी किंवा ‘गल्फ’ तेल कंपनीचा फिका निळा आणि नारिंगी रंग, हे शर्यतीच्या शौकिनांना इंजिनाच्या क्षमतेइतकेच पाठ असतात. ‘वाइपआउट’ने फरक एवढाच केला की जाहिरात खरी ठेवली आणि कंपनी काल्पनिक केली. ट्रॅकच्या कडेला फलक लागले ते अस्तित्वातच नसलेल्या संस्थांचे. आपण रस्त्यावर फलक बघतो तेव्हा त्यामागे कुठेतरी कचेरी, माल आणि माणसं असणार, हे गृहीत धरतो. गेममधला फलक पाहतानाही मेंदू तेच करतो. चार संघांची चिन्हं आणि थोडेसे फलक एवढ्यावर खेळणाऱ्याने २०५२ सालचं जागतिक राजकारण आणि बाजारपेठ स्वतःच मनात रचून टाकली. एक एमबीतही न मावणारी गोष्ट अशा रीतीने दोन केबींच्या चिन्हातून सांगितली गेली.

या खेळात एक पेचही होता. ‘वाइपआउट २०९७’मध्ये काल्पनिक फलकांच्या शेजारी ‘रेड बुल’ या खऱ्या पेयाची जाहिरात झळकली. बाजाराची टिंगल करणाऱ्या गेममध्येच बाजाराने जागा विकत घेतली. खेळणाऱ्यांना ती खटकली नाही, उलट तिच्यामुळे बाकीच्या खोट्या कंपन्या जास्तच खऱ्या वाटू लागल्या. टिंगल आणि जाहिरात यांच्यात किती पातळ पडदा असतो, हे त्यावरून कळतं.

डोळ्याला वेग कसा कळतो

खुर्चीत बसलेल्या माणसाला वेग जाणवतो कशामुळे? एसटीच्या खिडकीतून बघताना जवळचे खांब सरसर मागे जातात आणि लांबचं लिंबाचं झाड मात्र बराच वेळ सोबत चालतं. डोळा वेगाचं माप काढतो ते जवळच्या गोष्टी किती झपाट्याने नजरेआड होतात यावरून. गेममध्ये हे घडवायचं तर ट्रॅकच्या कडेला आणि पृष्ठभागावर ठरावीक अंतराने काहीतरी पुन्हा पुन्हा यायला हवं. तिरपे पट्टे, बाण, दिवे, फलकांचे खांब. एकसारख्या करड्या रस्त्यावर कितीही जोरात पळवलं तरी यान उभंच असल्यासारखं वाटेल. पट्ट्यांमधलं अंतर कमी केलं की त्याच वेगात जास्त घाई जाणवते. म्हणजे वेगाचा काही भाग इंजिनाचा आणि काही भाग पट्टे रंगवणाऱ्याचा.

दुसरी गोष्ट वाचनाची. त्या काळी पडद्यावर सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं सरकत. यान वळणावर असताना खेळणाऱ्याची नजर पडद्याच्या मध्यावर, पुढच्या रस्त्यावर खिळलेली असते. वेग, क्रमांक, फेरी, उरलेलं कवच हे सगळं त्याला नजर न हलवता, डोळ्याच्या कोपऱ्यातून समजायला हवं. कोपऱ्यातल्या नजरेला बारीक अक्षर वाचता येत नाही, पण आकार, रंग आणि हालचाल ओळखता येते. म्हणून वेग लिहून दाखवण्यापेक्षा भरत जाणाऱ्या पट्टीने दाखवायचा, आकडे मोठे आणि चौकोनी वळणाचे घ्यायचे, ट्रॅकवरच्या वेगवाढीच्या जागा निळ्या बाणांनी खुणवायच्या. निळा बाण दिसला की हात आपोआप तिकडे वळतो, शब्द वाचायला वेळच नसतो.

तिसरी गोष्ट अक्षरांच्या घडणीची. तिरकं अक्षर पुढे झुकलेलं वाटतं आणि आडवं ताणलेलं अक्षर जमिनीलगत धावल्यासारखं. अक्षराच्या पोटातली जागा बंद न करता एका बाजूने उघडी ठेवली की वारा आरपार गेल्याचा भास होतो. या युक्त्या डिझायनर्स रिपब्लिकच्या खूप आधीच्या आहेत, पेट्रोल पंपांच्या आणि विमान कंपन्यांच्या चिन्हांत त्या जुन्या काळापासून दिसतात. त्या सगळ्या एका गेममध्ये इतक्या शिस्तीने एकत्र आल्या, हे नवीन होतं.

आधीचे आणि नंतरचे

या वाटेवरचा पहिला मोठा गेम निन्टेन्डोचा ‘एफ-झीरो’. तो १९९० साली जपानमध्ये आला. तो ज्या यंत्रावर चाले त्याला खरी त्रिमिती जमत नव्हती. एकच सपाट चित्र फिरवून, लहान-मोठं करून ट्रॅक समोरून येत असल्याचा आभास निर्माण केला जाई. त्याचा चेहरा मात्र अमेरिकन कॉमिकचा होता, चौकटींचा, रंगीबेरंगी आणि नायक-खलनायकांचा. तिथे ओळख माणसाला होती, पुढे ‘वाइपआउट’मध्ये ती कंपनीला मिळाली.

जपानच्या नामको कंपनीने १९९८ च्या डिसेंबरात ‘रिज रेसर टाइप ४’ काढला. त्यातल्या गाड्या भविष्यातल्या नव्हत्या, पण मेन्यूपासून निकालाच्या पाटीपर्यंत सगळीकडे एकच पिवळा रंग आणि एकच अक्षरवळण इतक्या काटेकोरपणे राखलं होतं की आजही डिझाइनचे विद्यार्थी त्याचे पडदे अभ्यासतात. १९९९ च्या तिसऱ्या ‘वाइपआउट’ने उलट दिशा धरली. रंग मवाळ केले, गर्दी काढून टाकली, मोकळी जागा वाढवली. संघ आठ झाले आणि त्यांत ‘असेगाय’ हा आफ्रिकेचा संघही आला.

डिझायनर्स रिपब्लिक २००९ च्या जानेवारीत आर्थिक अडचणीत येऊन बंद पडली. नंतर अँडरसन यांनी लहान प्रमाणात ती पुन्हा सुरू केली. ‘वाइपआउट’ बनवणारा लिव्हरपूलचा स्टुडिओ सोनीने २०१२ च्या ऑगस्टमध्ये बंद केला. जुन्या भागांचं नवं रूप ‘ओमेगा कलेक्शन’ म्हणून २०१७ मध्ये आलं. त्याच्या आदल्या वर्षी इटलीच्या तुरीन शहरातल्या एका स्टुडिओने ‘रेडआउट’ काढून हीच परंपरा पुढे चालवली. घरं पडली, पण घराणं टिकलं.

शेफिल्डहून पुण्याला

आपल्याकडची एक वाट याच शेफिल्डहून येते. तिथे २००३ साली सुरू झालेल्या सुमो डिजिटल या कंपनीने ‘आउटरन २००६’ आणि २०१० चा, ‘सॉनिक’ या गेममधल्या पात्राच्या शर्यतीचा गेम असे नावाजलेले रेसिंग गेम केले. या कंपनीने २००७ साली पुण्यात आपला स्टुडिओ काढला. पुण्यातच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवरचा गेम आणला आणि सुपरगेमिंगने २०२४ मध्ये ‘इंडस’. ‘इंडस’ लढाईचा गेम आहे, शर्यतीचा नाही. पण भारतीय रूपं घेऊन भविष्य उभं करता येईल का, हा प्रश्न त्याने उघडपणे हाताळला. गेमसाठी चित्रं काढणं आणि प्रोग्रॅम लिहिणं ही कौशल्यं महाराष्ट्रात आहेत, हे यावरून स्पष्ट दिसतं.

अक्षरांची परंपरा तर त्याहून जुनी. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींत नाटकाचं नाव असं काही घडवलं की वाचण्याआधीच नाटकाची जात कळायची. २०२० मध्ये ते गेले. र. कृ. जोशी जाहिरातक्षेत्रातून मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक संकल्पन केंद्रात आले. संगणकावर वर्षानुवर्षं आपण मराठी वाचली ती मायक्रोसॉफ्टच्या ‘मंगल’ या फॉन्टमध्ये, आणि तो त्यांनी घडवला. पुण्याच्या सी-डॅकने आणि मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’ने गावोगावच्या डीटीपीवाल्यांच्या हाती देवनागरी दिली. मुंबईच्या एक टाइपने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतील असे खुले केले. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘राजधानी’ आणि ‘टेको’ हे चौकोनी बांध्याचे फॉन्टही तसेच खुले आहेत आणि त्यांत मराठी उत्तम लिहिता येते. वेगाच्या गेमला लागणारा बांधा त्यांच्यात तयारच आहे.

तरीही देवनागरीत दिसणारा वेगवान भविष्याचा गेम अजून नावारूपाला आलेला नाही. याची काही कारणं लिपीच्या रचनेतली आहेत. रोमन कॅपिटल अक्षर एका मजल्यावर बसतं. देवनागरीला तीन मजले लागतात, शिरोरेषेवर वेलांटी आणि मात्रा, मध्ये अक्षर, खाली उकार. पडद्यावर १६ ठिपक्यांची उंची मिळाली तर मधल्या मजल्याला जेमतेम निम्मी जागा उरते. आकड्यांना शिरोरेषा आणि मात्रा नाहीत, तो भाग सोपा. पण लहान आकारात १ आणि ९ एकमेकांत मिसळतात, आणि शर्यतीत पहिला की नववा हा गोंधळ परवडणारा नाही. असा आकडा मुद्दाम नव्याने घडवावा लागेल.

दुसऱ्या बाजूला देवनागरीकडे रोमन लिपीत नसलेली एक देणगी आहे. शिरोरेषा म्हणजे आयतीच मिळालेली वेगाची रेघ. ती शब्दाच्या मागे लांबवता येते, पुढे निमुळती करता येते, मध्येच तोडून पुन्हा जोडता येते. रोमन अक्षरांना वेग देण्यासाठी डिझाइनर बाहेरून पट्टे जोडतो, इथे तो पट्टा अक्षराच्या अंगातच आहे.

समजा, ट्रॅक परभणी जिल्ह्यात आहे

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण अभिमानाने आणि थोडं हसूनही म्हणतो. पहिल्या ‘वाइपआउट’मध्ये जर्मनीला ‘टेरामॅक्स’ नावाचा ट्रॅक मिळाला होता. कॅनडा, जपान, रशिया, अमेरिका, ग्रीनलंड आणि मंगळ ग्रहालाही एकेक मिळाला. भारताला पहिल्या तीन भागांत ना ट्रॅक, ना संघ. मग परभणीचा ट्रॅक कागदावर आखून बघायला काय हरकत आहे? वर सांगितलेले नियम त्यातून जास्त स्पष्ट होतील.

सुरुवात येलदरी धरणाच्या भिंतीवरून. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल उतार. दोन्ही बाजू सपाट रंगांत भागतात, पोताचा खर्च जवळजवळ शून्य. पुढे जिंतूरची नेमगिरीची टेकडी आणि चारठाण्याची प्राचीन मंदिरं. हेमाडपंती खांबांची रांग म्हणजे ठरावीक अंतराने येणाऱ्या उभ्या रेघा, वेग जाणवून द्यायला याहून चांगलं साधन नाही. मग सेलू-मानवतचा कापसाचा पट्टा. काळी माती आणि पांढरं बोंड, दोनच रंगांचा देखावा, १६ रंगांच्या पेटीत चौदा शिल्लक. पूर्णा जंक्शनवर रुळांच्या समांतर रेघा आणि लाल-पिवळे-हिरवे सिग्नल, म्हणजे तयार चिन्हभाषा. शेवटचा टप्पा गंगाखेडला गोदावरीच्या काठाने.

जिल्ह्यात नऊ तालुके आहेत, म्हणजे नऊ संघ. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा. प्रत्येकाचं चिन्ह करताना तीन कसोट्या लावाव्यात. पहिली, चिन्ह पूर्ण काळं करून पाहिलं तरी आकारावरून ओळखू यावं. दुसरी, चारपेक्षा जास्त रंग नकोत. तिसरी, फोनच्या पडद्यावर नखाएवढं केलं तरी वाचता यावं. मानवतच्या चिन्हात कापसाचं बोंड हुबेहूब काढलं तर ते तिसऱ्या कसोटीत नापास होईल. पाच पाकळ्यांचा जाड आकार मात्र पास होईल. पूर्णा संघाने रुळांच्या दोन समांतर रेघा शिरोरेषेतच बसवल्या तर नाव आणि चिन्ह एकाच फटक्यात तयार होतं. शिवाय चिन्ह आणि स्वभाव यांची जोडी जमायला हवी. रुळावरचा संघ सरळ रस्त्यावर अजिंक्य असावा आणि वळणावर त्याने मार खावा. तसं झालं नाही तर चिन्ह नुसतं स्टिकर म्हणून उरतं.

टाळायचं काय, तेही सांगितलं पाहिजे. भारतीय दिसावं म्हणून मंडल, मोर आणि कमळ चिकटवून चालणार नाही. डिझायनर्स रिपब्लिकने लंडनचं घड्याळ किंवा राणीचा मुकुट घेतला नव्हता, कारखान्यातल्या पाट्या आणि खोक्यांवरच्या सूचना घेतल्या होत्या. आपल्याकडचं तसं साहित्य म्हणजे बियाण्याच्या पिशवीवरची छपाई, ट्रॅक्टरच्या बॉनेटवरचे पट्टे, मोंढ्यातल्या पोत्यांवरचे शिक्के, एसटीच्या पाट्या, शंकरपटाचे फ्लेक्स. डोळ्यांसमोर रोज असलेली ही अक्षरं भविष्यात नेऊन ठेवली तर ते भविष्य आपलं वाटेल.

साधनांचं म्हणाल तर ती जिल्ह्यात आहेतच. बोधचिन्ह ‘वेक्टर’ पद्धतीने काढतात, म्हणजे ठिपक्यांऐवजी बिंदू आणि वक्ररेषांनी. त्यामुळे ते नखाएवढं करा नाहीतर भिंतीएवढं, कड तशीच धारदार राहते. रेडियमच्या दुकानातला माणूस कोरलड्रॉमध्ये नाव काढतो आणि कटिंगच्या यंत्राला पाठवतो तेव्हा यंत्राचं पातं याच वक्ररेषांवरून चालतं. गेम बनवण्याची गोडॉटसारखी साधनं आज फुकट मिळतात. राहता राहिली नजर, आणि ती कुठल्या दुकानात विकत मिळत नाही.

म्हणून परभणीतल्या, आणि कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या, डिझाइनकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगणं आहे. महागड्या संगणकाची वाट बघू नका. आपल्या तालुक्याचा संघ कल्पून त्याचं एक चिन्ह काढा, चार रंगांत बसवा, नखाएवढं करून बघा आणि ते वाचता येईपर्यंत खोडत राहा. एका एमबीतलं ते जगही अशाच छोट्या चिन्हांवर उभं होतं.